भाषण कापा, पेच ठेवा: कथेतून आणि सिनेमातून सामाजिक म्हणणे कसे पोचवायचे

गोव्यात जत्रेच्या रात्री देवळासमोरच्या मंडपात हौशी मंडळींचे मराठी नाटक रंगते, तेव्हा शेवटच्या अंकात एक प्रसंग हटकून येतो. गावचा मास्तर, नाहीतर शहरातून शिकून आलेला मुलगा, रंगमंचाच्या मधोमध येतो आणि दारूच्या दुष्परिणामांवर पाच मिनिटे बोलतो. टाळ्या पडतात. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांतलेच काहीजण शेजारच्या तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, जाऊन बसतात. त्यांना ढोंगी म्हणण्यात अर्थ नाही. विचार मास्तराने केला, निष्कर्षही मास्तरानेच काढला; प्रेक्षकाला मान डोलावण्यापलीकडे काम उरलेच नव्हते.

कथा-सिनेमातून सामाजिक म्हणणे पोचवण्याची जी काही तंत्रे आहेत, ती सगळी प्रेक्षकाला काम देण्यासाठी आहेत. शेवटचा दुवा त्याने स्वतः जोडायचा. लेखकाने ठरवायचे ते एवढेच, की दुवा नेमका कुठे मोकळा सोडायचा. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेसाठी संहिता लिहिणारे, दिवाळी अंकाला कथा पाठवणारे आणि मोबाइलवर लघुपट करणारे असे तिन्ही प्रकारचे लोक डोळ्यांसमोर ठेवून मी इथे एकच गोष्ट सुरुवातीपासून बांधत नेणार आहे. तुमची गोष्ट वेगळी असेल. पायऱ्या याच घ्या.

विषय बाजूला ठेवा, पेच शोधा

‘मुंडकारांवर, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांवर, अन्याय होतो’ हा विषय झाला. ‘खाणींनी गाव खाल्ला’, ‘व्यसनाने संसार मोडतो’, ‘किनाऱ्यावरच्या जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या’ हेही विषयच. विषयावर अग्रलेख लिहिता येतो. गोष्ट लिहिता येत नाही, कारण विषयात कोणाला काही निवडायचे नसते.

तेव्हा माणसे घेऊ. पेडणे तालुक्यातले एक गाव. शेवंता, साठी उलटलेली, विधवा. भाटकाराच्या भाटात, म्हणजे बागायतीत, तिच्या आजेसासऱ्याने बांधलेले मातीचे घर. मुलगा दत्ता मोपाच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला. विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि आपल्या गोष्टीतल्या या गावात जमिनीचा भाव कुठल्या कुठे गेला. जुना भाटकार मुंबईत वारला. त्याचा नातू सुहास आता भाट विकायला काढतो, आणि भाटाच्या ऐन मध्यावर शेवंताचे घर आहे. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला घरातून काढता येत नाही आणि राहते घर विकत घेण्याचा हक्कही त्याला आहे. त्यासाठी शेवंताच्या नवऱ्याने मामलेदाराकडे केलेला अर्ज अजून फायलीत पडून आहे. सुहास म्हणतो, म्हापशात फ्लॅट देतो, वर थोडे पैसे देतो, या कागदावर सही करा.

आता प्रत्येक पात्रासाठी एक वाक्य भरायचे: ‘अमक्याला अमुक हवे आहे, पण ते मिळवायचे तर तमुक गमवावे लागेल.’ शेवंताला घर हवे आहे, पण ते धरून ठेवले तर मुलगा तुटेल. दत्ताला पोरीसाठी पक्के छप्पर हवे आहे, पण ते आईचा शब्द मोडून मिळेल. सुहासला आईच्या उपचारांसाठी पैसे हवे आहेत, पण त्यासाठी आजोबांनी शेवंताच्या सासऱ्याला तोंडी दिलेले वचन गिळावे लागेल. तिन्ही वाक्ये खरी वाटली, तर गोष्ट उभी राहिली. ‘शेवंताला न्याय हवा आहे’ हे वाक्य या साच्यात बसवून पाहा. बसत नाही. ‘न्याय’ शब्द संहितेत आला की मी पेन्सिलीने त्याभोवती वर्तुळ करतो. दहातल्या नऊ ठिकाणी त्याच्याआड एखादा न लिहिलेला प्रसंग दडलेला असतो.

शिवाय या गोष्टीत एक गाठ आपोआप पडली आहे: ज्या विमानतळाने घरावर संकट आणले, त्याच विमानतळाच्या पगारावर घर चालते. ही गाठ कोणत्याही पात्राने बोलून दाखवायची नाही. दत्ताच्या गळ्यातले ओळखपत्र दिसले तरी पुरे.

मोठा प्रश्न एका घरात आणून बसवण्याची वाट आपल्याकडे मळलेली आहे. पुंडलिक नायक यांच्या ‘अच्छेव’ या १९७७ च्या कोंकणी कादंबरीत खाण गावात शिरते आणि शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाची घडी विस्कटते. दामोदर मावजो यांच्या ‘कार्मेलीन’मध्ये आखातातली स्थलांतरे कळतात ती कुवेतला घरकामाला गेलेल्या एका बाईच्या आयुष्यातून. दोन्हीकडे आकडे नाहीत, आणि ते नसल्याचे वाचताना जाणवतही नाही.

समोरच्यालाही घर द्या

सामाजिक कथांचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे खलनायक. भाटकार मिशा पिळतो, बिल्डर सोन्याची साखळी घालून हसतो, आणि वाचक निर्धास्त होतो: आपण काही असे नाही. म्हणजे ज्याला टोचायचे तोच सुटला.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. एका लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. सरकारी वकील बाई जुनाट कलमे वाचून त्याला अडकवत राहतात. पण कोर्ट सुटले की कॅमेरा त्यांच्यामागोमाग लोकलने घरी जातो. मुलाला आणणे, स्वयंपाक, नवऱ्याचे ताट. मग सुट्टीच्या दिवशी कुटुंब एका मराठी नाटकाला जाते, नाटक परप्रांतीयांची टिंगल करणारे असते आणि सगळे सभागृह हसते. त्या बाई दुष्ट आहेत असे चित्रपट कुठेही म्हणत नाही. त्या आपल्या शेजारच्या बाई आहेत, हे लक्षात आल्यावर जी अस्वस्थता येते तीच चित्रपटाचे म्हणणे आहे.

म्हणून एक व्यायाम. सुहासवर एक पान लिहा, ज्यात शेवंताचे नावही नाही. तो आईला घेऊन रुग्णालयाच्या रांगेत बसला आहे. फोनवर दलालाचे संदेश येत आहेत. लहानपणी याच भाटातले आंबे खाल्ल्याचे त्याला आठवते, पण आंब्यांची राखण कोण करत होते ते आठवत नाही. हे पान अंतिम कथेत येईलच असे नाही. मात्र ते लिहिल्यावर सुहासचे संवाद बदलतात. तो धमकी देत नाही. तो समजूत घालतो, आणि ती जास्त भीतिदायक असते.

कोणाच्या डोळ्यांनी

इथे घाई करू नका. सगळ्या तंत्रांत या एका निर्णयाचा परिणाम सर्वांत खोल जातो, आणि बहुतेक लेखक तो न घेताच लिहायला बसतात. प्रसंग एकच घेऊ: मे महिन्याच्या दुपारी सुहास कागद घेऊन घरी येतो.

शेवंताच्या बाजूने: ‘सुहासबाब आले तशी तिने आधी खुर्ची पुसली. मग लक्षात आले, की ती सकाळीच पुसली होती.’

दत्ताच्या बाजूने: ‘आईने पुन्हा खुर्ची पुसली. दत्ताने तोंड फिरवून मोबाइल काढला.’

दत्ताच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, मनूच्या बाजूने: ‘त्या काकांचे बूट दारातच होते. आजी त्यांना ओलांडून गेली नाही, वळसा घालून मागच्या दाराने गेली.’

तलाठ्याच्या अहवालात: ‘मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक. भाटात जुने मातीचे घर, छप्पर नादुरुस्त. जागेवर एक महिला आढळली.’

चारही ठिकाणी घटना तीच, सामाजिक म्हणणे मात्र दर वेळी निराळे. शेवंताच्या नजरेत पिढ्यानपिढ्यांची अदब आहे आणि तिला ती अदब म्हणून दिसतच नाही. दत्ताच्या नजरेत तिची लाज आहे. मनूला अर्थ लागत नाही, म्हणून ती फक्त नोंद करते आणि अर्थ वाचक लावतो. तलाठ्याच्या वाक्यात माणूसच गायब आहे. ‘आढळली’ हे क्रियापद जे करते ते तीन पाने लिहूनही साधले नसते.

लहान मुलाची नजर फार प्रभावी असते, म्हणूनच ती फार वापरली जाते. मनूला निवडायचे असेल, तर तिला लेखकाची हुशारी देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला ‘आजीच्या डोळ्यांत शतकांचे दुःख’ दिसत नाही. तिला बूट दिसतात. माझा स्वतःचा कल या गोष्टीत दत्ताकडे जाईल, कारण दोन्ही बाजूंची किंमत त्याच्या एकट्याच्या खिशातून जाते. पण अहवालाचा तुकडा मी सोडणार नाही. कथेच्या मध्ये एकदा, कोणतीही टिप्पणी न करता, तो जसाच्या तसा टाकेन.

सिनेमात हाच प्रश्न कॅमेऱ्याच्या जागेचा होतो. कॅमेरा उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर सुहास उजेडातून येणारी काळी आकृती दिसेल. बाहेर असेल तर शेवंता अंधारात दिसेल आणि आपण पाहुण्याच्या बाजूचे होऊ. ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा बराच वेळ लांब आणि स्थिर राहतो, जणू मागच्या बाकावर बसून आपणच कामकाज पाहतो आहोत, कोणाकडे पाहायचे ते आपल्याला ठरवावे लागते. जवळून घेतलेला अश्रूंचा शॉट ही निवड आपल्या हातून काढून घेतो.

कोणाला कधी कळते

दत्ताने सुहासकडून आगाऊ रक्कम आधीच घेतली आहे असे धरा. हे शेवटी उघड केले, तर वाचकाला धक्का बसतो, आणि धक्क्याचे आयुष्य कमी असते. तेच पहिल्या पानावर सांगून टाका. आता शेवंता दारातल्या माडाला आळे करते, अंगण सारवते, पुढच्या चतुर्थीला माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची चौकट) कुठे बांधायची ते ठरवते, आणि यातली प्रत्येक साधी कृती वाचकाला बोचते. तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. दत्ता तिच्यासमोर जेवायला बसतो तेव्हा तो गप्प का, हे फक्त वाचकाला कळते, म्हणजे वाचक त्याच्या कटात सामील होतो. सामाजिक कथेला ही सामिली धक्क्यापेक्षा जास्त उपयोगी.

दुसरी रीत दोन काळ शेजारी ठेवण्याची. सांगे तालुक्यातले कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा मे महिन्यात जुने रहिवासी तिथे जमतात, जोत्यांवर उभे राहून घर कुठे होते ते दाखवतात. अशा जागेवर कथा लिहायची तर ‘विस्थापन’ हा शब्दच लागणार नाही. एक म्हातारी आपल्या स्वयंपाकघराच्या जागी उभी राहून सुनेला सांगते, ‘इथे जपून, इथे पायरी आहे.’ पायरी नसते. बस.

काळाची उलटापालट मात्र कारणाशिवाय नको. ‘सुरुवातीला प्रेत दाखवू, मग मागे जाऊ’ हा आता नुसता लकबीचा भाग झाला आहे. मागे जाऊन वाचकाला आधीच्या दृश्याचा नवा अर्थ लागत नसेल, तर गोष्ट सरळ सांगा.

एक वस्तू, तीनदा

पावसाआधी घराची शाकारणी करायची असते. आपल्या गोष्टीत पंचायत मालकाची ना हरकत मागते, सुहास ती देत नाही, म्हणून शेवंताच्या छपरावर निळी ताडपत्री आली आहे. ही आपली वस्तू. ती तीनदा दिसू दे, आणि दर वेळी तिचा अर्थ सरकू दे. पहिल्यांदा ती फक्त गळती थांबवणारी ताडपत्री. दुसऱ्यांदा दत्ता नवी आणतो, तिच्यावर मालवाहतुकीचा शिक्का असतो, आणि कामावरून ती कशी आली याबद्दल घरात कोणी विचारत नाही. तिसऱ्यांदा म्हापशाच्या न गळणाऱ्या फ्लॅटमध्ये ती घडी घालून खाटेखाली ठेवलेली.

चौथ्यांदा नको. आणि कोणत्याही पात्राने तिच्याविषयी अर्थपूर्ण वाक्य बोलायचे नाही. ‘आमचे आयुष्यच या ताडपत्रीसारखे’ असे शेवंता म्हणाली, की सगळे मुसळ केरात. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या काळ्या चिमणीच्या मागे धावतो, तिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते, असा त्याचा समज. चिमणी म्हणजे काय हे कोणी समजावत नाही. जातीने अडवलेल्या पोराला प्रेमापर्यंत जायला जादूखेरीज दुसरा रस्ता दिसत नाही, ही गोष्ट आपण आपली समजून घेतो.

कोण कोणाला काय म्हणतो

गोव्यातल्या लेखकाच्या हातात एक साधन आहे जे पुण्या-मुंबईच्या लेखकाला सहज मिळत नाही. इथे एकाच घरात, एकाच दिवसात माणूस तीन-चार भाषांतून जातो. घरात पेडण्याची बोली, देवळात आणि वर्तमानपत्रात मराठी, कचेरीत इंग्रजी फॉर्म, बाजारात हिंदी. यातली कोणती भाषा कोणापुढे निघते, यावरून सत्तेची सगळी उतरंड कळते. दशावतारात हे पूर्वापार चालत आले आहे. देव-राजे भारदस्त मराठीत बोलतात, संकासुर हा विनोदी राक्षस गावच्या बोलीत, आणि टोमणा मारायची मुभा त्यालाच असते. संवाद लिहून दिलेले नसतात, त्यामुळे कालची पंचायत आज रात्री त्याच्या तोंडी येऊ शकते.

आपल्या गोष्टीत संबोधने पाहा. जुना भाटकार अंगणातून हाक मारायचा, ‘गो शेवंते!’ नातू म्हणतो, ‘मावशी, तुम्ही काही त्रास घेऊ नका.’ शब्द जास्त आदराचे झाले आणि घर जास्त दूर गेले. शेवंता तिच्या निम्म्या वयाच्या पोराला म्हणते, ‘बसा सुहासबाब, च्या करतंय.’ हे सगळे आधी दोन-तीनदा येऊ द्या. मग एकदाच, कागद पुढे सरकवल्यावर, तिच्या तोंडून ‘तू’ निघू दे. ‘तुज्या आज्यान काय सांगितलेलां, इचार.’ ओरडून नव्हे, चहाची कपबशी उचलता उचलता. ज्या वाचकाने अदब ऐकली आहे, त्याला बंड ऐकू येईल.

संवाद तपासायची सोपी कसोटी: पात्र जे बोलते आहे तेच त्याला म्हणायचे असेल, तर ओळ कच्ची आहे. ‘आई, ही जमीन आपली नाही, कायदा गरिबाच्या बाजूने कधीच नसतो’ ही ओळ दत्ता लेखकासाठी बोलतो. त्याऐवजी तो म्हणू दे, ‘मनूच्या शाळेची बस म्हापशात दारात येते म्हणे.’ शेवंता म्हणू दे, ‘माडाला पाणी कोण घालतलो?’ दोघे जमिनीबद्दलच बोलत आहेत.

सिनेमा करत असाल तर

सिनेमाला एक सोय आहे: दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, की तिसरी प्रेक्षकाच्या डोक्यात तयार होते. शंभरएक वर्षांपूर्वी सोव्हिएत दिग्दर्शक ल्येव कुलेशोव यांनी एकाच निर्विकार चेहऱ्याच्या शेजारी वेगवेगळी दृश्ये जोडून हे दाखवले होते. चेहरा बदलला नाही, लोकांना त्यात वेगवेगळ्या भावना दिसल्या. सामाजिक म्हणण्याला हा धडा फार जवळचा. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांचा कोंकणी चित्रपट ‘पलतडचो मनिस’ (२००९), महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरचा, हे दीर्घ श्वासात करतो. एकीकडे देवळाच्या उभारणीत गुंतलेला गाव, दुसरीकडे रानाच्या कडेला एका वेड्या बाईला घरात घेणारा एकटा वनरक्षक, आणि त्याच्यावर खवळणारा तोच गाव. दोन्ही धागे फक्त जवळ ठेवलेले आहेत.

‘फँड्री’तला राष्ट्रगीताचा प्रसंग याहून थेट. जब्याचे कुटुंब डुक्कर पकडायला धावत असते, तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत माहीत नसते. पुढे तेच डुक्कर खांद्यावर घेऊन जब्याच्या घरची माणसे आंबेडकरांसह समाजसुधारकांची चित्रे रंगवलेल्या भिंतीसमोरून जातात. कॅमेरा भिंतीकडे बोट दाखवत नाही, फक्त भिंत चौकटीत राहील एवढे पाहतो. तुमच्या लघुपटाच्या जागा ठरवताना हेच करा: मागे काय आहे ते आधी पाहा. घराच्या मागे ‘सी फेसिंग व्हिला’ची जाहिरात उभी असेल, तर कलादिग्दर्शकाला पैसे द्यायची गरज नाही.

आवाजाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. शेवंताच्या गोष्टीत विमान एकदाही दाखवू नका, फक्त ऐकवा. पहिल्यांदा आवाज आला की सगळे बोलणे थांबवतात. मध्यावर येईपर्यंत ते विमानाच्या वर आवाज चढवून बोलतात. शेवटी थांबतही नाहीत, चढवतही नाहीत. एवढ्यावरून विमानतळ घरात राहायला आला हे कळते. चित्रीकरण झाल्यावर प्रत्येक खोलीचा, कोणी न बोलता, मिनिटभराचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा. संकलनात संवादांमधल्या फटी त्याने भरता येतात आणि शांतता खरी वाटते. करुण बासरीचे ट्रॅक मोहात पाडतील. ‘सैराट’च्या (२०१६) गाण्यांनी सगळ्यांना नाचवले, पण शेवटी लहानगे मूल रक्ताच्या पावलांनी दाराबाहेर येते तेव्हा पडद्यावर आवाजच नसतो. तिथे एक सूर जरी वाजला असता, तरी प्रेक्षकाला रडायची सूचना मिळाली असती आणि तो सुटला असता.

उघड बोलायचेच असेल तर

आतापर्यंतचे वाचून वाटेल की थेट बोलणे म्हणजे पाप. तसे मुळीच नाही. आपल्याकडे थेट बोलण्याची उत्तम परंपरा आहे. फक्त ती गोष्टीच्या पोटात भाषण कोंबत नाही, गोष्टीच्या शेजारी भाषणाला स्वतंत्र जागा देते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंगाचे निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. श्रोत्याला पक्के ठाऊक असते की आता विचार ऐकायचा आहे आणि आता गोष्ट.

तियात्राकडे पाहा. १८९२ मध्ये मुंबईत गोंयकारांनी सुरू केलेल्या या रंगप्रकारात नाटकाच्या पडद्यांमध्ये, म्हणजे अंकांच्या मधे, कांतारां (गाणी) होतात. गायक पुढे येतो आणि मंत्र्यापासून पंचापर्यंत कोणालाही नाव घेऊन झोडतो. चालू कथानकाशी गाण्याचा संबंध असायलाच हवा असे नाही. गाणे संपले, की नाटक होते तिथून पुढे. त्यामुळे नाटकातल्या आईला ‘समाज’ हा शब्द उच्चारावा लागत नाही. ते काम गायकाने केलेले असते. मराठी नाटकवाल्यांनी आपल्या शेजारच्या या मंचाकडून इतकी वर्षे हे का उचलले नाही, याचे मला नवल वाटते. मास्तराचे भाषण कापवत नसेल, तर त्याला पात्राच्या बाहेर काढा. सूत्रधार करा, संकासुर करा, दोन अंकांमध्ये गाणे द्या. तो मास्तर म्हणून बोलला तर पात्र मरते. संकासुर म्हणून बोलला तर प्रेक्षक त्याच्याशी वाद घालायला मोकळा राहतो.

कथेत हे करायचे तर निवेदकाला स्वभाव द्या. तिरकस, भांडखोर, काहीसा पक्षपाती. त्याची मते त्याची असतील आणि वाचकाला ती खोडता येतील.

शेवट

शेवटात सगळे उघडे पडते. शेवंताच्या गोष्टीचे तीन शेवट पाहा. मामलेदाराचा निकाल तिच्या बाजूने लागतो: वाचक सुटकेचा श्वास टाकतो आणि यंत्रणा चांगली आहे असे मानून पान उलटतो. शेवंता मरते: वाचक हळहळतो, आणि मृत्यूचा दोष नशिबावर जातो. ती सही करते आणि म्हापशाला जाते, सगळे ठीक चालते, मनूला बस दारात मिळते: हा शेवट सगळ्यांत अस्वस्थ करणारा, कारण दोष देण्यासाठी कोणी उरत नाही आणि तरीही काहीतरी गेलेले असते. मी तिसरा घेईन. तुम्हाला लढा दाखवायचा असेल तर चौथाही आहे: ती सही करत नाही, दत्ता बायको-मुलीला घेऊन निघून जातो, घर वाचते. मात्र मग जिंकल्यानंतरचा एक दिवस दाखवा.

‘फँड्री’चा शेवट सगळ्यांना आठवतो: जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येतो. ‘कोर्ट’ संपतो तो सुट्टीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असताना. पोरे त्यांना दचकवून उठवतात, ते एकाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. एक शेवट अंगावर येतो, दुसरा पाठ फिरवतो. उपाय दोन्हींत नाही. उपाय सुचवायचा असेल तर अर्ज लिहा, कथा नको.

वाचून दाखवा, पण नेमके विचारा

पहिला खर्डा झाला की तो लेखक मित्राला आधी देऊ नका. ज्यांच्या आयुष्यावर लिहिले आहे त्यांच्यातल्या दोघा-तिघांना वाचून दाखवा. लघुपट असेल तर ओसरीवर चादर बांधून दाखवा. नंतर ‘संदेश पोचला का?’ असे विचारले तर सगळे हो म्हणतील, माणसे भिडस्त असतात. त्याऐवजी ‘काय झाले ते सांगा’ म्हणा. ते गोष्ट कशी सांगतात, कोणाचे नाव आधी घेतात, कुठला प्रसंग गाळतात, ते टिपून ठेवा. ‘दत्ताने बरोबर केले का?’ हा दुसरा प्रश्न. इथे दोन माणसांत वाजले तर मध्ये पडू नका. तिसरा, खास मुंडकारांच्या घरांतला: ‘हे असेच होते का?’ ना हरकत कोण देते, मामलेदाराकडे तारीख कशी पडते, खुर्ची कोण पुसते, या तपशिलात चूक असेल तर ते तिथल्या तिथे सांगतील, आणि हा तपशील चुकला तर बाकी कोणत्याही तंत्राने गोष्ट उभी राहणार नाही.

खऱ्या घटनेवरून लिहीत असाल तर गाव बदला, नाते बदला, घराची दिशाही बदला. पेडण्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि शेवंता म्हणून जिला लोक ओळखतील तिला तुमच्या कथेनंतरही त्याच भाटकाराशी बोलायचे असते.

मग दुसरा खर्डा. कुठे ऐकणाऱ्यांनी मोबाइल पाहिला, तो प्रसंग अर्धा करा. कुठे ते हसले आणि तुम्हाला हसू अपेक्षित नव्हते, ती जागा ठेवा. आणि दत्ता बरोबर की चूक यावर ओसरीवर दोन तट पडले असतील, तर त्या प्रसंगातला एक शब्दही बदलू नका.